सीलबंद पेटीची खंडेनवमी

जगातल्या शस्त्रव्यापाराला लगाम घालण्याचे जे काही प्रयत्न आजवर झाले असतील, त्यांतला एक पनवेल बंदरात झाला आणि त्यात माझी तलवार गेली. तलवार पत्र्याची होती, मुठीला सोनेरी कागद चिकटवलेला होता, हे मान्य. पण ती आंतरराष्ट्रीय कारणासाठी गेली. हे भाग्य भल्याभल्या पोलादी तलवारींना लाभलेलं नाही.

स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती. मी दिवसा हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो आणि संध्याकाळी हौशी नाटकात राजे व्हायचो. इंग्रजीत मी बरा होतो, राजा म्हणून उत्तम होतो. गावातली मतं याच्या उलट होती, पण तो विषय वेगळा.

पनवेलचं बंदर तेव्हा म्हातारं झालं होतं, तरी हिंडतंफिरतं होतं. भरती आली की खाडीत पाणी चढायचं, मचवे आत यायचे, कौलं, तांदूळ, मीठ असं काहीबाही चढायचं-उतरायचं. ओहोटी लागली की तेच मचवे चिखलात कुशीवर पडून राहायचे, दुपारच्या जेवणानंतर माणसं पडतात तसे. काठावर कस्टमची दोन खोल्यांची चौकी होती आणि चौकीवर एक जमादार होते. आडव्या बांध्याचे, झुपकेदार मिशांचे. त्यांना बघून चोरट्या मालाने आपण होऊन हजर व्हावं, असं रूप. चोरटा माल पनवेलला येतच नसल्यामुळे हे रूप वाया जात होतं.

अशा चौकीवर एके दिवशी दिल्लीहून परराष्ट्र खात्यातले एक अधिकारी आले. त्यांना मराठी येत नव्हतं आणि जमादारांना इंग्रजी, म्हणून दुभाष्या म्हणून मला बोलावलं. आपण त्यांना दिल्लीचे साहेब म्हणू. तरुण होते, सुटाबुटात होते आणि फार काळजीत होते. प्रवासी बंगल्याच्या ओसरीवर त्यांनी मला त्यांची काळजी समजावून सांगितली, आणि ती मला लगेच आवडली, कारण तिच्यात नाटक होतं.

एका देशातून बंदुका निघतात आणि दुसऱ्या देशात जातात. वाटेत जहाज तिसऱ्याच देशाच्या बंदरात थांबतं. तिथून पेट्या कुठे वळतात, कोणाच्या हाती पडतात, याचा पत्ता लागत नाही. हे थांबवायचं कसं, यावर देशोदेशीचे वकील कुठेतरी लांब थंडीत बसून वाद घालत होते. एका बाजूचं म्हणणं, मधल्या बंदराने फक्त पेटीवरचं सील बघावं. ते शाबूत असेल तर पेटी पुढे जाऊ द्यावी, उघडायची नाही. आपल्या सरकारचं म्हणणं, मधल्या बंदराला पेटी उघडून बघण्याचा हक्क हवा. सीलवाल्या बाजूचे एक पाहुणे तेव्हा मुंबईत होते. त्यांच्या देशात बंदुका फार सुरेख होतात, असं दिल्लीच्या साहेबांनी मला हळूच सांगितलं. त्या पाहुण्यांनी पैज लावावी तसं सुचवलं होतं, की तुमच्या अगदी लहान बंदरांतून एक पेटी फिरवून बघू या. तिथेसुद्धा सील शाबूत राहिलं, तर मग जगात कुठेही राहील.

"म्हणजे सील टिकलं तर तुम्ही वाद हरणार," मी म्हटलं.

"हो."

"आणि तुटलं तर?"

"तर देशाची अब्रू गेली," ते म्हणाले, आणि चहा न पिताच कप खाली ठेवला.

मोठ्या बंदरात प्रयोग करायचा तर मोठ्या लोकांना विचारावं लागलं असतं. म्हणून मोरा हे पाठवणारं बंदर ठरलं, पनवेल मधलं आणि मुंबई शेवटचं. पेटीत जुन्या, बोल्ट काढून घेतलेल्या, म्हणजे न उडणाऱ्या रायफली. मोऱ्याला सील लावायचं, पनवेलच्या चौकीत पेटी उतरवून पाहुण्यांना दाखवायची आणि तशीच मुंबईला पाठवायची. या कामाला पनवेलच्याच एका तांडेलाचा मचवा घेतला. तांडेल माझ्या चांगल्या ओळखीचा. आमच्या प्रत्येक नाटकाला पहिल्या रांगेत बसून मोठ्याने सूचना करणारा.

"मास्तर," तो मला म्हणाला, "मोऱ्यावरनं मुंबय समोर दिसते. मग पनवेलला वळसा कशाला?"

"मधलं बंदर पाहिजे म्हणून."

"मोऱ्याच्या न मुंबयच्या मधी बंदर नाय. मधी पानी हाय."

"सरकारला मध्ये बंदर पाहिजे."

"मग सरकारनं बांदावं," तो म्हणाला, पण आला.

त्याला एक गोष्ट मात्र दिल्लीच्या साहेबांनी हिंदीत आणि मी मराठीत नीट बजावली. सीलला ज्याचा हात लागेल, त्याचा मचवा सरकारजमा होईल. हे ऐकून त्याने मचव्याकडे पाहिलं. तो त्याच्या बापाचा मचवा होता. बाप गेल्यावर नुसता सांगाडा उरला होता, तो याने खाडीच्या काठावर बसून एकेक फळी बदलत पुन्हा उभा केला होता. मचवा गेला की तांडेल तांडेल राहत नाही, दुसऱ्याच्या मचव्यावर दोर ओढणारा खलाशी होतो. त्याचा चुलता तसा झालेला त्याने पाहिला होता.

"माजा हात नाय लागायचा," तो म्हणाला.

पेटी अष्टमीच्या भरतीला आली. चौकीच्या आतल्या खोलीत ठेवली. पट्ट्यांवरून तार ओढलेली, तारेच्या गाठीवर शिशाची गोळी दाबून शिक्का उठवलेला. पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते, दिल्लीचे साहेब त्यांना आणायला मुंबईला गेले होते. पण दुसऱ्या दिवशी पोस्टात टेलिफोन आला, की मुंबईत कोणीतरी प्रेमाने खाऊ घातलेलं पाहुण्यांना मानवलं नाही, उद्या येतील.

दिल्लीच्या एवढ्या हुशार साहेबांच्या लक्षात जे आलं नव्हतं, ते असं, की तो दुसरा दिवस खंडेनवमीचा होता.

आमच्या बंदरावर खंडेनवमी चौकीतच व्हायची. मचवेवाले आपापली हत्यारं घेऊन यायचे, कोयते, करवती, फळ्या तासायचे वाकस. जमादार चौकीतला तराजू काढायचे. सगळं एका ठिकाणी मांडून तांडेलाची बायको, आम्हा सगळ्यांच्या वहिनी, पूजा करायची, कारण तिच्याइतका स्पष्ट आवाज बंदरावर कोणाचा नव्हता. पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला तिने उत्तरपूजा केली, आपट्याचं पान ठेवलं, की मग ज्याने त्याने आपलं हत्यार न्यायचं. मी त्या वर्षी माझी तलवार घेऊन गेलो होतो. कोजागरीला प्रयोग होता आणि मागच्या खेपेला ऐन द्वंद्वात ती मुठीतून निसटली होती. म्हटलं, देवीच्या कानावर घालावं.

वहिनी हळदकुंकवाचं ताट घेऊन आत आल्या आणि पेटीसमोर थांबल्या.

"जमादार, यात काय हाय?"

"सरकारी माल."

"बंदुका हायेत. मोऱ्याच्या कोंबड्यांना पन ठावं हाय."

"असतील."

"मंग त्यांना हळदकुंकू नको?"

"बाई, त्याला सील आहे."

"सील तुमचं. नवमी देवीची."

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तिथे एक पाल होती, तिने कोणाकडेच पाहिलं नाही. वहिनींनी ताट खाली ठेवलं. कोयत्यांना गंध लावायचं, फळ्या तासायच्या वाकसाला झेंडू वाहायचा, आणि खरीखुरी शस्त्रं शेजारी कोंडून ठेवायची, अशी पूजा आपण करणार नाही, असं त्यांनी चढत्या आवाजात सांगितलं. वर्षभर दर्यावर जाणाऱ्यांचं काय होईल, याचं वर्णनही केलं.

 आता तांडेलही बोलला, जमादारांकडे न बघता. "माज्या मचव्यातनं आलेले पावने हायेत ते. सनाच्या दिवशी पावन्याला तोंडावर फडका बांदून कोपऱ्यात बसवायचा?"

"मचवा जाईल तुझा," मी म्हटलं.

"उगडायचं, कुंकू लावायचं, बंद करायचं. कोन घेतंय बंदूक? न तिला बोल्ट पन नाय."

इथे जमादारांच्या चेहऱ्यावर एक विचार उगवला. मी तो उगवताना पाहिला. चौकीत शिशाच्या गोळ्या होत्या, तार होती, गोळी दाबायची पक्कड होती, आणि पक्कडीचा शिक्का सगळ्या चौक्यांचा सारखाच होता. पूजा झाली की नवीन गोळी दाबली, संपलं. देवीही राजी, दिल्लीही राजी.

"मी जरा भरती कुठवर आली ते बघतो," ते म्हणाले, आणि आमच्याकडे पाठ करून दारात उभे राहिले.

तांडेलाने कोयत्याने तार तोडली. झाकण उघडलं. पेंढ्यात रायफली निजल्या होत्या, ग्रीस लावून. वहिनींनी जिभेने चक् केलं, जसं मळक्या पोरांना बघून करतात, आणि पदर खोचला. मुख्य शस्त्रं पेटीत आहेत, तर बाकीची बाहेर कशाला, म्हणून कोयते, करवती, वाकस सगळं पेटीतच मांडलं. मचव्याचा नांगर आत मावेना, तो पेटीला टेकवून उभा केला. माझी तलवार मधोमध ठेवली. ती सगळ्यांत देखणी होती, हे मी म्हणत नाही, वहिनी म्हणाल्या. वातावरण असं भारलेलं, उदबत्तीचा धूर, झेंडूचा वास. जमादारांनाही राहवलं नाही. त्यांनी तराजू आणला आणि खिशातून ती पक्कड काढली. "आमचं शस्त्र म्हणाल तर हेच," असं म्हणत ती रायफलींच्या शेजारी ठेवली. वहिनींनी तिला भरघोस कुंकू लावलं. आरती झाली, नारळ फुटला, खोबरं वाटलं.

मग जमादारांनी हात पुसले. "चला, आता गोळी दाबून टाकू," म्हणाले आणि पक्कड घ्यायला वाकले.

वहिनींनी त्यांचं मनगट धरलं.

"पुजलेलं हत्यार? आज?"

रंगभूमीवर मी पुष्कळ शांतता पाहिल्या आहेत. काही मी स्वतः, पुढचं वाक्य विसरून, निर्माण केल्या आहेत. पण त्या खोलीतल्या शांततेची सर एकीलाही नाही. खोबरं चघळायचं थांबलं. जमादार वाकलेलेच राहिले. पक्कड त्यांच्यासमोर वीतभर अंतरावर होती आणि उद्यापर्यंत ती सरकारची नव्हती.

मग ते सरळ झाले आणि तांडेलाला म्हणाले, "तू पहाटेच्या भरतीला मचवा काढ. थोडे दिवस लांब राहा. मी बघतो काय सांगायचं ते."

तांडेलाने पेटीला टेकलेल्या नांगराकडे बोट दाखवलं. नांगराच्या गळ्यात हार होता.

दसऱ्याला पाहुणे दुपारी येणार होते. वहिनी सकाळी अंघोळ करून, आपट्याची पानं घेऊन येणार, उत्तरपूजा होणार, पक्कड मोकळी होणार, असा आमचा हिशेब. पण पाहुण्यांना सकाळची हवा आवडत असे. वहिनी पानं घेऊन चौकीच्या पायरीवर चढल्या आणि मागोमाग दोघा साहेबांना घेऊन धुळीने माखलेली जीप येऊन थांबली. भरती येऊन गेली होती. मचवा समोर चिखलात आडवा पडला होता, पळून जायच्या स्थितीत मुळीच नव्हता.

पाहुणे उंच होते. दारात वाकून आत आले, चष्मा पुसला आणि पेटीत बघितलं. रायफलींवर कुंकू, तांदूळ, झेंडू. कडेला विझलेली उदबत्ती. त्यांनी हॅट काढली.

"कोण वारलं?" त्यांनी मला हलक्या आवाजात विचारलं.

मी सांगितलं, की कोणी वारलं नाही, ही पूजा आहे.

"बंदुकांची?"

"सगळ्याच हत्यारांची. करवतीचीसुद्धा."

दिल्लीच्या साहेबांच्या चेहऱ्यावर तोवर काहीच हललं नव्हतं. त्यांनी रायफली मोजल्या. सगळ्या होत्या. मग पाहुण्यांनी दोन बोटांनी माझी तलवार उचलायला हात पुढे केला, पण वहिनींनी ताट मध्ये घातलं. ते मागे सरले. "ही तुमच्या जुन्या राजांच्या काळातली का?" त्यांनी विचारलं.

"सध्याच्याच," मी म्हटलं. "कोजागरीला लागणार आहे."

"किसने तोड़ा?" दिल्लीच्या साहेबांनी विचारलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे सगळ्यांनाच तो ऐकू आला.

तांडेल पुढे आला. "मी तोडलं, साहेब."

"मी सांगितलं म्हून तोडलं," वहिनी म्हणाल्या. "मला न्या. मचवा ठेवा."

मी दोन्ही वाक्यं भाषांतर करून सांगितली. एरवी मी भाषांतरात थोडा रंग भरत असे. तिथे भरला नाही.

"नियम माहीत होता?"

"व्हय."

"जमादार, मचवा जप्त. सील लावा."

तांडेलाने मान फिरवून चिखलातल्या मचव्याकडे पाहिलं, आणि मग तिकडे बघायचं बंद केलं. जमादारांनी टाचा जुळवल्या. हलले मात्र नाहीत.

"जमादार?"

"पक्कड पेटीत आहे, साहेब."

"काढा."

"उत्तरपूजा व्हायची आहे, साहेब."

हे मी पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं. त्यांना दोनदा सांगावं लागलं. त्यांनी पेटीत नीट वाकून पाहिलं, कुंकवाने लाल झालेली पक्कड त्यांना दिसली. मग ते जमादारांकडे वळले आणि माझ्या तोंडून एकच प्रश्न विचारला. "ही काल तुमच्या हाताशी असती, तर आज मला काही कळलं असतं का?"

जमादारांनी एकदा तांडेलाकडे बघितलं. त्यांना हो म्हणता आलं असतं, आणि मग सगळा गुन्हा तांडेलाच्या गळ्यात राहिला असता.

"नाही, साहेब," ते म्हणाले. "सगळ्या चौक्यांचा शिक्का सारखाच आहे."

पाहुण्यांनी चष्मा काढला, पुन्हा पुसला. तो स्वच्छ होता.

मी दिल्लीच्या साहेबांना बाजूला, काठावरच्या डेरेदार भेंडीच्या झाडाखाली नेलं. एका राजाने दुसऱ्याला नेपथ्याच्या आडोशाला न्यावं तसं. "सर," मी म्हटलं, "मचवा जप्त झाला तर हा गुन्हा ठरतो. मग सरकारी पक्कड पेटीत कशी गेली, हेही वर कळवावं लागेल. जप्त झाला नाही, तर हा प्रयोगच आहे."

"फसलेला प्रयोग."

"तुमच्या बाजूने लागलेला. मधल्या बंदराने पेटी उघडली, आत बघितलं, सांभाळलं. एक बंदूक गेली नाही. सीलचं म्हणाल, तर त्याची किंमत जमादारांनी आत्ताच सांगितली, आणि ती तुमच्या पाहुण्यांनीच विचारली."

त्यांनी चिखलाकडे पाहिलं. चिखलात खेकडे फिरत होते. मग ते पहिल्यांदाच हसले, फारसं नाही, एका कोपऱ्यातून.

"त्या बाईंना सांगा, पूजा आटपून घ्या," ते म्हणाले. "भरतीला पेटी मुंबईला गेली पाहिजे. याच मचव्यातून."

हे मी आत जाऊन सांगितलं. तांडेल खाली बसला आणि नांगराच्या गळ्यातला हार सरळ करू लागला, जो सरळच होता.

उत्तरपूजा झाली. वहिनींनी सगळ्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. पाहुण्यांना मी सांगितलं, की हे सोनं आहे आणि आज सीमा ओलांडायचा दिवस आहे. त्यांनी पान कोटाच्या वरच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, सीमा ओलांडण्याबद्दल त्यांना वेगळ्या सूचना आहेत. ज्याने त्याने आपापलं हत्यार उचललं. मी जीपपाशी दिल्लीच्या साहेबांना निरोप देत होतो, ते मला त्या लांबच्या वादात करायच्या भाषणाचं पहिलं वाक्य वाचून दाखवत होते. परत आलो तेव्हा पेटी बंद होती, नवीन तार, नवीन शिसं, आणि शिशावर जरासं कुंकू.

"माझी तलवार?" मी विचारलं.

जमादारांनी पेटीकडे पाहिलं. तांडेलाने पेटीकडे पाहिलं.

"अहो, मग उघडा."

"मास्तर, सील लागलंय."

"काल तर उघडलं होतंत!"

"काल नवमी व्हती," तांडेल म्हणाला. त्याचा चेहरा इतका गंभीर होता, की तो माझी फिरकी घेतोय हे मी ओळखायला हवं होतं. "आज सीलला हात लावला तर माजा मचवा जातो. तुमीच बजावलं व्हतं ना."

संध्याकाळी भरती चढली. मचवा आधी थरथरला, मग सरळ झाला, मग नांगर वर आला. माझी तलवार सीलबंद होऊन, दोन सरकारांच्या संमतीने, मुंबईकडे निघाली. ती पुढे कुठे उतरली, कोणी उघडून बघितली, तिच्याबद्दल त्या लांबच्या थंड गावात काही चर्चा झाली का, मला माहीत नाही. करार झाला की नाही, तेही नाही. मी वर्तमानपत्रात काही महिने बघत होतो.

कोजागरीला आमचं नाटक झालं. तांडेल आसपासच्या गावांतली माणसं मचव्यातून भरून घेऊन आला आणि नेहमीच्या जागी, पहिल्या रांगेत, वहिनींना घेऊन बसला. तिसऱ्या अंकात मी गर्जना केली, कमरेला हात घातला आणि तिथे काहीच नाही हे प्रेक्षकांना दिसलं. नव्या तलवारीची मूठ अजून ओली होती, ती आत वाळत होती.

"राजं, तलवार मुंबयला गेली काय?" पहिल्या रांगेतून आवाज आला.

हशा थांबेपर्यंत मी शत्रूकडे रोखून बघत उभा राहिलो. शत्रूही हसत होता. मग तांडेल उठला, कमरेचा कोयता काढला आणि रंगमंचाच्या फळीवर ठेवून माझ्याकडे सरकवला.

"ही घ्या तलवार," तो म्हणाला. "पुजलेली हाय."